अण्णा, तुम्ही त्यांना घरी आणलंत

अण्णा, आपलं भांडण अर्धंच राहिलं. भांडण कसलं म्हणा, भांडत मी होते. तुम्ही दुकानात स्टुलावर बसून जळालेल्या पाण्याच्या मोटारीच्या खाचांतून काळी पडलेली तार उपसत होतात आणि मधूनच मान हलवत होतात. मी बोलून बोलून थकले की तुम्ही विचारायचात, "चहा सांगू का?" त्या चहापाशी प्रत्येक वेळी आपला वाद थांबायचा. मला वाटायचं, होईल कधीतरी पुरा. तुम्ही चौसष्ट वर्षांचे, हात अजून पक्के, डोळ्याला नुसता जवळचा चष्मा. घाई काय आहे?

तुम्हाला माती देऊन तीन आठवडे झाले. केजच्या घरी अजून माणसं येतात, सतरंजीवर बसतात, आईकडं बघून म्हणतात, "देवमाणूस होते मिस्त्री." मला तो शब्द नको वाटतो. देवमाणूस म्हटलं की जे केलंत ते तुम्हाला सोपं गेलं असं वाटतं. सोपं गेलं नव्हतं. ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

माझे जन्मदाते वडील मी पाच वर्षांची असताना गेले. लिंबागणेशच्या पुढं आमचं गाव. ते गवंडीकाम करायचे, परांचीवरून पडले. महिना व्हायच्या आत त्यांच्या थोरल्या भावानं, बाबूराव चुलत्यांनी, आईला आणि मला घराबाहेर काढलं. गावातल्या दोघाचौघांनी विचारलं, तर चुलते चावडीसमोर उभं राहून म्हणाले, "ती पोर आमच्या रक्ताची न्हाई." आईनं एक पिशवी आणि मला उचललं आणि केजला मिशनच्या सिस्टरांकडं स्वयंपाकाला राहिली.

तिथल्या बोअरची मोटार बंद पडली आणि ती काढायला तुम्ही आलात. साखळीनं पाइप वर ओढले, शेवटी मोटार वर आली, गाळानं माखलेली. मी विचारलं, "ही पाण्यात बुडून मेली का?" बाकीची माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "न्हाई गं. दमली हाय. हिला घरी नेतो, बरी करतो, परत आणून देतो." चौथ्या दिवशी आणून दिलीत आणि पाणी सुरू झाल्यावर आधी मला हाक मारलीत.

तुम्ही पस्तीस वर्षांचे, बिनलग्नाचे. थोरल्या सिस्टरांमार्फत आईला विचारलंत. तुमच्या आईला, माझ्या आजीला, ते अजिबात मान्य नव्हतं. "दुसऱ्याची पोर जन्मभर पोसणार का?" असं ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "योसेफानं न्हाई पोसलं का देवाचं लेकरू?" चुलीच्या वर योसेफाची तसबीर आजीनंच लावलेली होती. ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी फ्रॉकचं कापड घेऊन आली. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, तुमच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. पुढं तुम्हाला दुसरं मूल झालं नाही. कुणी हळहळलं की तुम्ही माझ्याकडं हात करून म्हणायचात, "हाय की एक."

शाळेत घालताना मात्र तुम्ही मला दुखावलंत. हेडमास्तरांनी वडिलांचं नाव विचारलं आणि तुम्ही माझ्या वारलेल्या वडिलांचं नाव सांगितलंत. हेडमास्तर म्हणाले, "अहो शांतवन, आता बाप तुम्हीच ना?"

"हाय की. पर नाव त्याचंच राहू द्या. मेला म्हणून त्याची लेक बी काढून घ्यायची का?"

हे समजायला मला फार वर्षं लागली. तेव्हा वाटलं, तुम्हाला मी नकोय. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझ्या अण्णांचं नाव वेगळं आणि तुझं वेगळं कसं? मी घरी येऊन दप्तर आपटायचे. एकदा सकाळी तुम्ही माझी वेणी घालत होतात, आई मिशनमध्ये गेलेली, आणि मी म्हणाले, "तुमी माझे कोण?" तुमचे हात थांबले नाहीत. रिबिनीची गाठ मारलीत, ती बरोबर मध्ये आली का ते बघितलंत आणि म्हणालात, "तू सांगशील ते."

मी दप्तर उचललं. शाळेत निघून गेले.

दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, तुम्ही मला मोटारसायकलवर बसवून त्या गावी न्यायचात. माझ्या वडिलांची कबर कबरस्तानाच्या कडेला होती, वर गवत माजलेलं असायचं. तुम्ही खुरपं घेऊन आलेले असायचात. गवत काढायचं, दगड धुवायचा, मेणबत्त्या लावायच्या, गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना म्हणायची. ज्या माणसाला तुम्ही कधी बघितलंही नव्हतं त्याच्यासाठी. मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी चुलते तिथं आले. कुणीतरी सांगितलं असणार.

"कावून आलास बे हितं?"

"दादा, तुमचाच भाऊ हाय," तुम्ही म्हणालात. "मेणबत्ती लावतो अन् जातो."

चुलत्यांनी पायानं मेणबत्त्या उडवल्या. माझ्याकडं बोट दाखवून तेच परत म्हणाले, जे चावडीवर म्हणाले होते. मी दगड उचलला. तुम्ही माझी मूठ हातात घेतलीत आणि एकेक बोट सोडवलंत, दगड खाली पडेपर्यंत. मग वाकून मेणबत्त्या गोळा केल्यात, शर्टाला पुसल्यात आणि पुन्हा लावल्यात. चुलते उभे राहून बघत होते. तुमचं म्हणून झाल्यावर तुम्ही त्यांना "येतो दादा" म्हणालात. येताना मी तुमच्या पाठीला टेकून रडत होते आणि तुम्ही नुसती गाडी चालवत होतात. मला वाटलं, तुम्ही त्यांना भ्यालात. अण्णा, कितीतरी वर्षं मी तुम्हाला भित्रा समजत होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुमच्या धर्माचा मला कंटाळाही यायचा. दर रविवारी बीडच्या चर्चात मिस्सेला. कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा म्हणून तुम्ही सकाळपासून पाणीसुद्धा प्यायचा नाहीत. मला मांजरसुंब्याला एसटी थांबली की खिडकीतून केळी घेऊन द्यायचात आणि मी खाताना मुद्दाम दुसरीकडं बघायचात. दर महिन्याला फादरांपुढं पापं सांगायची ती कन्फेशनची रांग, त्यात तुम्ही पहिले. कॉलेजात गेल्यावर मी तुम्हाला चिडवायचे, "अण्णा, तुम्ही कसली पापं करता हो? मोटारीत तार एक वेढा कमी भरली का?" तुम्ही नुसते हसायचात. शेतकरी घाबराघुबरा होऊन मोटार घेऊन आला की तुम्ही आधी झाकण उघडून बघायचात आणि दहातल्या चार जणांना परत पाठवायचात, "जळाली न्हाई, नुसता कंडेन्सर गेलाय, बदल अन् जा." शेजारचे किराणावाले महादेवअप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे. मला खरंच वाटायचं, या माणसाला फादरांसमोर सांगण्यासारखं काही नाही, हा नुसता सवयीनं जातो.

मग दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आला.

मला तोवर बीडला एका दवाखान्यात नर्स होऊन दहा वर्षं झाली होती. एका सकाळी केसपेपरवर चुलत्यांचं नाव वाचलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. त्यांचा मुलगा विलास पुण्याला ट्रक चालवतो. तो त्यांना भरती करून गेला आणि नंतर फोन उचलेना. मी सोबतच्या नर्सला सांगून माझा वॉर्ड बदलून घेतला. शनिवारी केजला आले आणि जेवताना तुम्हाला ती बातमी सांगितली. खोटं कशाला बोलू, चवीनं सांगितली. "देवानं शेवटी बघितलं," असंही म्हणाले.

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

"त्याच्याजवळ कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"मग त्याचं करतं कोण?"

"मावशी लोक करतात, जमेल तसं."

तो घास तुम्ही परत उचलला नाहीत. सोमवारी जीप करून बीडला आलात, मला न सांगता. कागदावर नातेवाईक म्हणून सही केलीत आणि चुलत्यांना केजला घेऊन गेलात.

आईनं दारातच अडवलं. "ह्यानं मला घरातून हाकललं अन् तुमी ह्याला माझ्या घरात आणायले? मला इचारलं तरी का?" तुम्ही मान खाली घातलीत. "चुकलं माझं. इचारायला पायजे होतं. पर तू न्हाई म्हणली असतीस तर मला जाता आलं नसतं." चुलत्यांना तुम्ही घरात नेलं नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं मोटारी ठेवायचात, तिथं जागा करून खाट टाकलीत. तुम्ही रात्री झोपायलाही तिथंच. हे मला आईनं फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी केजला आले. तुम्ही तार उपसत होतात, पडद्यामागून चुलत्यांच्या घशाची घरघर ऐकू येत होती.

"तुम्हाला त्यांना माफ करायचा हक्क कुणी दिला?" मी म्हणाले. "अन्याय आईवर झाला. माझ्यावर झाला. चावडीवर माझी अब्रू गेली, तुमची नाही. तुम्ही कोण परस्पर माफ करणारे?"

तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. "म्या कुठं माफ केलं, सलू? ती माफी तुझी अन् तुझ्या आईची हाय. द्या न्हाईतर देऊ नका, मी कोण मधी पडणारा? मी नुसतं त्याचं अंग पुसतो."

"कशाला पण?"

"घाण झालंय म्हणून."

मी आणखी मोठ्यानं बोलले. बरंच काही बोलले. भित्रेपणाचं सोडून सगळं. तुम्ही चहा सांगितलात. मी न पिता निघाले आणि तीन महिने केजला आले नाही.

त्या तीन महिन्यांत तुम्ही मला फक्त पाच-सहा फोन केलेत आणि एकदाही ये म्हणाला नाहीत. तुम्ही विचारायचात, "सलू, पाठीला लाल झालंय, काय करावं?" मी कुठल्याही पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगायचे. दर दोन तासांनी कूस बदला. हाडाखाली मऊ ठेवा. चादरीला सुरकुती नको. तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवायचात. एकदा तुम्ही टाचेवरच्या कसल्याशा डागाचं सांगत होतात आणि मला काही केल्या समजेना, ती जखम आहे की मळ. तेव्हा मी आले. नर्स म्हणून आले, असं स्वतःला बजावत आले.

अण्णा, मी जे बघितलं ते तुम्हाला तेव्हा बोलले नाही. दुकानाच्या शटरच्या आतल्या बाजूला खडूनं तास लिहिले होते, पुढं डावी, उजवी, पाठ. जुन्या चादरींच्या गुंडाळ्या करून गुडघ्यांमध्ये दिल्या होत्या. चुलत्यांची दाढी केलेली, नखं कापलेली, खोलीत वास नाही. सकाळी महादेवअप्पा आणि तुम्ही दोघं मिळून खाट उन्हात नेत होतात. इतकी वर्षं या कामात आहे, पगारी माणसांनी आणि पोटच्या पोरांनी ठेवलेले पेशंट बघितले आहेत. इतकी स्वच्छ पाठ मी बघितलेली नाही. टाचेवर मोटारीच्या तारेला लावायच्या वार्निशचा डाग होता. तुमच्याच बोटांचा.

चुलत्यांनी मला ओळखलं. डावा हात उचलला, तोंड वेडंवाकडं झालं, घशातून आवाज काढत राहिले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "तुला कायतरी म्हणायलाय."

मी म्हणाले, "तोंडाला कोरड पडली आहे. पाणी द्या."

आणि बाहेर आले. ते काय म्हणत होते, हे आता कुणालाच कळणार नाही. ते ऐकण्याइतका वेळ मी तिथं थांबले असते तर, असा विचार मला ड्यूटीवर, भाजी घेताना, कुठंही येतो.

तुम्ही माझ्यामागं बाहेर आलात. मी तुमच्या हातांकडं बघत होते, फिनेलनं फुटलेल्या. मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही का हो यांचा?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि एकदाच मला ते सांगितलंत. "लई येतो. सकाळी त्याची चादर काढताना रोज येतो. त्यानं तुला जे म्हणलं ते कानात वाजतं. एकदोनदा पाणी मुद्दाम गारच वापरलं म्या. गरम करायचं सोडून. मग जाऊन फादरला सांगितलं." तुम्ही डोळे पुसलेत आणि आत गेलात, कारण कूस बदलायची वेळ झाली होती. आणि मी रस्त्यावर उभी. माझं जन्मभराचं कन्फेशनच्या रांगेवरचं हसणं माझ्यावरच उलटलं.

आईही पुढं जायला लागली. आधी नुसता डबा पाठवायची, मग स्वतः भरवायला. मी विचारलं तर म्हणाली, "त्याच्यासाठी न्हाई जात. तुझ्या अण्णाची कंबर दुखायली म्हणून जाते." चौदा महिने झाले आणि चुलते गेले. तुम्ही त्यांना गावी नेऊन माझ्या वडिलांच्या शेजारी पुरलंत. विलास तेव्हाही पोचला नाही.

आणि या महिन्यात तुम्ही. भर दुपारी, दुकानात छातीत कळ आली. महादेवअप्पांनी गाडीत घालून बीडला आणलं. मांजरसुंबा ओलांडेपर्यंत तुम्ही बोलत होतात, म्हणे. "सलूला फोन करू नका, ड्यूटीवर असंल," असं म्हणालात. त्यांनी ऐकलं नाही, फोन केला. मी दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी होते. गाडीचं दार मीच उघडलं. तुमचा हात अजून गरम होता, एवढंच मला मिळालं.

चुलत्यांना मी अजून माफ केलेलं नाही, अण्णा. तुमच्या जाण्यानं ते आपोआप झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बसते, प्रयत्न करते, चावडी डोळ्यांसमोर येते आणि उठते. पण तुमच्या मातीच्या दिवशी जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

केजमधली किती माणसं आली होती. शेतकरी होते, बोअरवाले होते, महादेवअप्पांचं सगळं घर होतं. फादरांची प्रार्थना झाली, पेटी खाली सोडली. तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर एक माणूस उभा होता, हातात हेल्मेट, चप्पल काढून बाजूला ठेवलेली. विलास. पुण्याहून तेवढा रस्ता मोटारसायकलवर आला होता आणि आत येत नव्हता. मी बाहेर गेले. काय बोलणार होते ते मला माहीत नव्हतं. चांगलं काही नव्हतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "ताई, मी आत येत न्हाई. मला तोंड न्हाई. मी बापाला टाकून गेलतो." मग हेल्मेटकडं बघत, "एकच सांगा. त्याला शेवटी लई हाल झाले का?"

एक चांगला फटका मारायची संधी होती, अण्णा. पंचवीस वर्षं जमवलेले शब्द तोंडात आले होते. पण मला त्या खोलीतली पाठ आठवली. मी म्हणाले, "न्हाई रे. अंगावर एक जखम नव्हती. एक दिवसाआड दाढी व्हायची. सकाळचं ऊन मिळायचं. वेळेवर खायला मिळायचं, आई भरवायची."

"कोण? काकू?"

"काकू."

तो तिथंच मातीत बसला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला. आत सगळे आमच्याकडं बघत थांबले होते. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि आत घेऊन आले. लोकांनी वाट दिली. आधी आईनं, मग मी, मग त्यानं तुम्हाला माती दिली. दोन्ही ओंजळी भरून दिली त्यानं, आणि मागं सरायचं विसरला.

फादर नवीन आहेत, त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."